संग्रहालयं नेटवर : रील आधी की रजिस्टर आधी?

दौलताबादी (धागाकर्ता)

आपल्याकडच्या संग्रहालयांची फेसबुक-इन्स्टाची पानं कधी निवांत चाळली आहेत? जयंत्या, पुण्यतिथ्या, सणांच्या शुभेच्छा, कुणा पाहुण्यांना शाल-श्रीफळ. हल्ली भर म्हणजे इमारतीचं ड्रोनने घेतलेलं रील आणि मागे ढोल-ताशा. वस्तू क्वचित दिसतात, आणि दिसल्या तरी 'पुरातन तलवार' एवढीच ओळ. कुठली, कितव्या शतकातली, कुणाकडून आली, लांबी किती, मूठ कशी, काही म्हणजे काही नाही. खाली शंभर जणांनी हात जोडलेले असतात आणि एकाने विचारलेलं असतं, 'सोमवारी चालू असतं का?' त्याला उत्तर कुणीच दिलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की संग्रहालयाने नेटवर यायचं तर आधी आपलं रजिस्टर लोकांपुढे उघडावं. आपल्याकडे काय आहे, त्याचा नंबर काय, ते कुठून आलं, त्याबद्दल खात्रीने काय सांगता येतं आणि काय येत नाही. रील, मीम, लाइव्ह हे सगळं त्यानंतर.

वाघनखांचंच घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांसाठी आणायचा करार २०२३ मध्ये झाला आणि १९ जुलै २०२४ पासून ती साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्या काळात व्हॉट्सॲपवर जी धुमश्चक्री झाली ती सगळ्यांना आठवत असेल. पण त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर या वस्तूचं स्वतंत्र पान आधीपासून होतं. ते किती जणांनी वरपासून खालपर्यंत वाचलं? पेटीवरचा मजकूर त्यात जसाच्या तसा दिलाय : ही शिवाजीची वाघनखं, साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. पुढे संदर्भ आहे, की दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रजांना शरण आला, तेव्हा हे हत्यार डफकडे आलं असण्याची शक्यता आहे. आणि मग साफ लिहिलंय, की त्याआधी जवळपास १६० वर्षं महाराजांनी वापरलेली वाघनखं ती हीच, याची खातरजमा करता येत नाही.

भांडणाऱ्या दोन्ही बाजू याच पानाचा आपल्याला सोयीचा अर्धा भाग फॉरवर्ड करत होत्या! एकांनी पेटीवरचा मजकूर उचलला, दुसऱ्यांनी शेवटचं वाक्य. तरी वाद निदान एका कागदाभोवती तरी झाला. उद्या आपल्या एखाद्या संग्रहालयातल्या तलवारीवरून असंच पेटलं तर दाखवायला आपल्याकडे पान आहे का?

दुसरा मुद्दा मांडणीचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. यात कुणाचा दोष नाही, जगभर हेच आहे. ब्रिटिश म्युझियमकडे किमान ८० लाख वस्तू आहेत, त्यांतल्या जेमतेम एक टक्का प्रेक्षकाला दिसतात. बाकीच्या गोदामात. काकासाहेब केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या जमवल्या. जे कपाटात मावलं नाही ते पाहायला नेटशिवाय दुसरा मार्ग काय?

तुमच्या गावच्या संग्रहालयाचा अनुभव काय, ते लिहा. उगाच शिव्या नकोत, नेमकं लिहा.

पुरणपोळीप्रेमी

वाचनखूण साठवली. 'सोमवारी चालू असतं का' ला फुटलो. आमच्याकडे तर गूगल मॅपवर 'कायमचे बंद' दाखवतं आणि आत शाळेची सहल चालू असते.

रानजाई

दौलताबादी, तुमचा मुद्दा कळला, पण 'रील नंतर' याला माझा सपशेल विरोध.

रजिस्टर कोण उघडून बघणार? संशोधक. तो तसाही पत्र लिहून, खेटे घालून पोचतोच. सामान्य माणसाला आत खेचायचं तर मजाच लागते. इंग्लंडात रीडिंग विद्यापीठाचं ग्रामीण जीवनाचं एक संग्रहालय आहे. नांगर, बैलगाड्या, लोणी काढायची यंत्रं, असला ऐवज. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी एका अगडबंब मेंढ्याचा जुना काळा-पांढरा फोटो ट्विटरवर टाकला आणि वर 'काय धूड आहे बघा!' अशा अर्थाची एक ओळ. लाखावर लाइक. ज्यांना ते संग्रहालय पृथ्वीतलावर आहे हेही माहीत नव्हतं, ते नांगरांबद्दल प्रश्न विचारायला लागले.

किंवा अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीचं काउबॉय म्युझियम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी, इमारतीत फक्त सुरक्षाप्रमुख. म्हणून ट्विटर खातं त्यांच्याच हाती दिलं. नाव टिम. कुणी सांगितलं, 'हॅशटॅग द काउबॉय' लिहा, तर यांनी # चिन्हाऐवजी 'हॅशटॅग' ही अक्षरंच टाइप केली! प्रत्येक पोस्टच्या शेवटी 'थँक्स, टिम'. पण वस्तूंबद्दल लिहायचे ते मन लावून. जगभरातून लाखो लोक त्या खात्यावर आले. क्युरेटरच्या भाषेत लिहिलं असतं तर कुत्रंही फिरकलं नसतं.

फ्लॉरेन्सच्या उफिझी कलासंग्रहालयाने त्याच वर्षी टिकटॉक सुरू केलं, बॉटिचेल्लीच्या चित्रांवर चक्क विनोद केले. जुलैमध्ये एक फॅशन इन्फ्लुएन्सर बाई तिथे जाऊन फोटो टाकून आली, केवढी टीका झाली. आणि त्या शनिवार-रविवारी तरुण प्रेक्षक आधीच्या आठवड्यापेक्षा २७ टक्के वाढले. आता बोला.

दौलताबादी

बोलतो. :)

तो मेंढा आला कुठून? संग्रहातल्या जुन्या फोटोंमधून. फोटो नीट लावलेला, स्कॅन केलेला होता म्हणून एका माणसाला दुपारी बसल्या बसल्या सापडला. टिमभाऊंचंही तेच, ते वस्तूंबद्दल लिहायचे. ढोल-ताशाचं रील त्यात कुठे बसतं? विनोदाला माझी ना नाही. विनोद करायला हातात वस्तू तर हवी!

उफिझीचा २७ टक्क्यांचा आकडा मात्र मान्य. तिथे मी गप्प.

चिक्कीवाला

वाघनखांचा विषय काढलात. धागा शंभरी गाठणार. संपादक मंडळ जागं आहे ना?

नोंदवही

एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. एका छोट्या ट्रस्टच्या संग्रहालयात काम करते. गाव सांगत नाही.

आम्ही तिघं. मी, एक क्लार्क आणि आमचे मामा, जे तिकिटंही देतात, पंखेही बंद करतात आणि पावसाळ्यात कौलांखाली बादल्याही ठेवतात. 'रजिस्टर उघडा' म्हणता, तर आमचं जुनं ॲक्सेशन रजिस्टर (आलेल्या वस्तूंची नोंदवही) कसं आहे ते ऐका. पाच-सहा पानं सलग अशी : 'पितळी दिवा, १ नग', 'पितळी दिवा, १ नग', 'पितळी दिवा, लहान, १ नग'. यातला कोणता नग कोणता हे लिहिणारे गुरुजी सांगू शकले असते, ते कधीच गेले. काही दिव्यांवर नंबर आहेत, तेही लाल ऑइलपेंटने, ऐन दर्शनी बाजूला. काहींवर दोन-दोन नंबर, कारण मध्ये एकदा पुन्हा मोजणी झाली होती.

आता नवीन नोंद करायची म्हणजे काय? दिवा हातमोजे घालून उचलायचा. बुडाशी, सहज दिसणार नाही अशा जागी पॅरालॉइडचा (पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबाने काळ्या शाईत नंबर, वर परत एक थर. म्हणजे उद्या पुसायचा झाला तर धातूला धक्का न लागता निघतो. मग उंची, घेर, वजन. मग फोटो : समोरून, मागून, बुडाकडून, शेजारी सेंटीमीटरची पट्टी आणि करडं कार्ड, नाहीतर पितळ तांब्यासारखं दिसतं. खिडकीतला उजेड सकाळीच बरा असतो, दुपारनंतर समोरच्या दुकानाच्या पत्र्यावरून चकाकी येते. एका दिव्याला अर्धा तास धरा, कधी जास्त. आणि हे सगळं मधल्या वेळात, कारण शाळा आली की मीच गाइड.

त्यानंतर खरी पंचाईत : वर्णनात लिहायचं काय? देणगी देणाऱ्या घराण्याच्या मते प्रत्येक वस्तू पेशवेकालीन. दिव्याची घडण बघून मला तो शंभर वर्षांच्या आतला वाटतो. 'पेशवेकालीन' लिहिलं तर तुमच्यासारखे सोलतात, नाही लिहिलं तर घराण्यातले फोन करतात. मी 'देणगीदारांच्या सांगण्यानुसार' असं लिहून पुढे अंदाजे काळ देते. तुमच्या वाघनखांच्या पानावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत हे वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी विश्वस्तांना दाखवीन.

आणि हो, सणांच्या शुभेच्छांची पोस्टरं मीही करते. पाच मिनिटांत होतात, आणि बैठकीत 'पानावर महिन्यात किती पोस्टी गेल्या' एवढंच विचारतात. नोंद झालेले दिवे कुणी मोजत नाही.

पुरणपोळीप्रेमी

ताई, _/\_ हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका.

कालवाकाठी

नेदरलँडात राहतो म्हणून ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमबद्दल चार ओळी. इथल्या लोकांना संग्रहालय आणि नेट म्हटलं की तेच आठवतं.

त्यांनी चित्रं फुकट का वाटली त्यामागचा किस्सा मजेशीर आहे. फर्मीरची दूध ओतणारी बाई तुम्ही पाहिली असेल : निळं ॲप्रन, पिवळी चोळी. नेटवर तिच्या हजारो वाईट नकला फिरत होत्या, बहुतेक कावीळ झाल्यासारख्या पिवळ्याधमक. परिणाम असा, की म्युझियमच्या दुकानातलं बरोबर रंगाचं पोस्टकार्ड बघून लोकच म्हणायला लागले, हे मूळ चित्रासारखं दिसत नाही! नकली रोखता येत नाहीत हे त्यांना उमगलं, मग असली प्रतच इतकी चांगली आणि इतकी सोपी करून टाकली की नकली कुणी शोधूच नये. २०१२ च्या शेवटी त्यांचा राइक्सस्टुडिओ, म्हणजे संग्रहाचं ऑनलाइन दालन, सुरू झाला, तेव्हा इमारत दुरुस्तीसाठी दहा वर्षं जवळपास बंदच होती, ती एप्रिल २०१३ मध्ये उघडली. म्हणजे दार उघडण्याआधी संग्रह उघडला. चित्र उतरवा, उशीच्या अभ्र्यावर छापा, ट्रकवर रंगवा, कुणी विचारत नाही.

रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं तर विचारू नका. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी त्याची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा चढवली. ८,४३९ फोटो जोडून केलेली. घरबसल्या झूम करत गेलात तर कॅप्टनच्या हाताच्या सावलीत, रंगाच्या थरातल्या भेगांपर्यंत पोचता. तिथे प्रत्यक्ष उभं राहून हे दिसत नाही, पुढे काच आहे आणि माणसांची भिंत आहे. मी दोन्ही केलंय. प्रत्यक्ष बघायची ओढ स्क्रीनमुळे वाढली, कमी झाली नाही.

अर्थात त्यांच्याकडे पैसा आहे. नोंदवहीताईंच्या मामांना बादल्या ठेवायला लागतात त्याचं काय, याचं उत्तर ७१७ गिगापिक्सेलमध्ये नाही, हेही खरं.

हिशेबनीस

सगळं छान, पण कुणी सुरक्षेबद्दल बोलत नाहीये. गावोगावच्या संग्रहालयांत कॅमेरे नाहीत, चौकीदार पेंगलेला. अशा ठिकाणी काय काय आहे याचे फोटो, मापं, वजनासकट नेटवर टाकायचे? चोरांना मेन्यूकार्डच हातात दिल्यासारखं आहे. आमच्या देवस्थानाने याच कारणासाठी दागिन्यांचे फोटो काढू दिले नाहीत.

दौलताबादी

हिशेबनीस, भीती रास्त आहे, पण प्रत्यक्षात घडलंय उलटं. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने कबूल केलं, की त्यांच्या गोदामातून वस्तू गेल्यात. आकडा पुढे दोन हजारांच्या घरात गेला : रत्नं, कोरीव खडे, दागिने. संशय आतल्याच माणसावर. आणि नेमक्या कुठल्या वस्तू गेल्या? ज्यांची नीट नोंद नव्हती, फोटो नव्हते त्या. फोटो असलेली वस्तू विकायला काढली की सापडते. नोंद नसलेली वस्तू गेली तर ती होती हेच सिद्ध करायला नाकी नऊ येतात.

त्याहून गंमत म्हणजे, चोरी उघड केली ती इत्ताय ग्राडेल नावाच्या डेन्मार्कमधल्या एका व्यापाऱ्याने. त्याला ईबेवर खडे दिसले आणि त्यांतला एखादा म्युझियमच्या जुन्या छापील यादीत पाहिल्याचं आठवलं. त्याने २०२१ मध्येच कळवलं होतं, तेव्हा त्याला वाटेला लावलं. शेवटी संचालकांना राजीनामा द्यावा लागला. आणि त्यानंतर म्युझियमने जाहीर काय केलं? पाच वर्षांत सगळा संग्रह नेटवर. कुलपं वाढवली असतीलच, पण जगाला सांगितलेला उपाय रजिस्टरचाच होता.

देवस्थानाच्या दागिन्यांचे फोटो जाहीर करू नका हवं तर, पण काढून तरी ठेवा!

मैलापूरची_मावशी

हिशेबनीसभाऊ, चेन्नैत राहते म्हणून इकडचं सांगते. दक्षिणेतल्या देवळांतून गेलेल्या मूर्ती परत येतायत त्या कशाच्या जोरावर? फोटोंच्या. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९५० च्या दशकापासून देवळोदेवळी जाऊन मूर्तींचे फोटो काढून ठेवले. तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं की ते कोर्टात कामाला येतील.

अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदानचा नटराज. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये तो पन्नास लाख डॉलरला घेतला, सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून. पाँडिचेरीचा जुना फोटो आणि गॅलरीचा चकचकीत फोटो शेजारी ठेवले, झिजलेल्या खुणा जुळल्या, २०१४ च्या सप्टेंबरात नटराज परत. 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट'मधली हौशी मंडळी हेच करतात : रात्री जागून जगभरच्या म्युझियमांचे आणि लिलावांचे ऑनलाइन कॅटलॉग चाळायचे आणि जुन्या फोटोंशी ताडून बघायचे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ॲशमोलियन म्युझियममधला तिरुमंगई आळ्वारही (वैष्णव संतकवीची मूर्ती) तसाच. तिथे तो १९६७ मध्ये लिलावातून गेला, पण १९५७ चा फोटो सांगतो की तेव्हा तो कुंभकोणमजवळच्या देवळात होता. २०२४ मध्ये विद्यापीठाने परत द्यायचं मान्य केलं.

आता महाराष्ट्रातल्या किती देवळांतल्या मूर्तींचे असे जुने, तारीखवार फोटो आहेत? मला खरंच माहिती हवी आहे, खोचकपणा नाही.

उंडगा

चोरी सोडा, आग घ्या. २ सप्टेंबर २०१८, रिओचं राष्ट्रीय संग्रहालय. दोन कोटींच्या आसपास नमुने आणि वस्तू, बहुतेक एका रात्रीत खाक. दुसऱ्या दिवशी तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुम्ही कधी तिथे सेल्फी काढली असेल, मागे एखादी वस्तू आली असेल तर पाठवा. काही मृत भाषांची ध्वनिमुद्रणं होती, ती कुणाच्या सेल्फीत कशी येणार?

आपल्याकडे २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीतलं नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी जळालं. चार दिवस बातम्या झाल्या, संपलं.

गोंयकार_पात्रांव

जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय कुणी पाहिलंय? व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे ती. ते 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टलवर पहिल्या काही संग्रहालयांत घेतलं होतं. दिल्लीचं नॅशनल म्युझियम, अलाहाबाद, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, सालारजंग आणि त्या यादीत आमचं जुनं गोंय! आणि हे सगळं चालतं त्या 'जतन' नावाच्या सॉफ्टवेअरवर, जे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलंय. म्हणजे रजिस्टर नेटवर कसं आणायचं याची विद्या मराठी मुलखातच आहे, बाहेरून आणायला नको.

नोंदवहीताईंना सॉफ्टवेअर मिळेलही हो, पण अर्धा तास गुणिले हजारो दिवे कोण करणार?

रानजाई

पात्रांव, यालाच मी म्हणते की आधी गाजावाजा करा! लोक आले तर पैसे येतील, पैसे आले तर दिवे मोजायला माणूस येईल. कुणालाच ठाऊक नसलेल्या संग्रहालयाला देणगी कोण देणार?

दौलताबादी

गाजावाजा म्हणजे निव्वळ गर्दी असेल तर ती रोडावते. औंधचं श्री भवानी संग्रहालय बघा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सुरू केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं माता-बालक शिल्प आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर! याचं दर चार महिन्यांनी कुणीतरी नव्याने 'शोध लागल्यासारखं' रील करतं : 'तुम्हाला माहीत आहे का?' लाखो व्ह्यूज. तीच तीन वाक्यं, तोच पायऱ्यांचा शॉट. मूर तिथे कसा पोचला, शिल्प कोणत्या दगडाचं, कधीचं, हे त्या रीलवाल्याला सांगायला कुठलं पान सापडतच नाही. दोष रीलवाल्याचा नाही.

तेरणाकाठ

धाराशिवचा आहे, म्हणून तेरबद्दल लिहिणारच. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडलेली आहे. तशीच एक इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये सापडली, ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनलाही तिच्यासारख्या मूर्तीचा तुकडा मिळाला. आरशाची मूठ असावी की छोट्या फर्निचरचा पाय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सातवाहन काळात आपला माल रोमन जगात कसा पोचत होता याचा यापेक्षा सुंदर पुरावा कुठला! शाळेतल्या पोरांना ही दोन्ही एका स्क्रीनवर शेजारी शेजारी दाखवायची आहेत. नेपल्सवालीचे हवे तेवढे फोटो मिळतात, सगळ्या बाजूंनी. आपल्या मूर्तीचा ज्याच्यात केसांची वेणी नीट दिसेल असा एक फोटो कुणाकडे असेल तर द्या.

आणि हो, एकदा पॉम्पेईवालीचा फोटो एका गटावर टाकला तर 'अश्लील मजकूर' म्हणून उडवला, कारण अंगावर कपड्यांपेक्षा दागिने जास्त. दोन हजार वर्षांची बाई हो ती!

कालवाकाठी

तेरणाकाठ, तुम्ही एकटे नाही. व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली 'विलेनडॉर्फची व्हीनस' अकरा सेंटीमीटरची, सुमारे तीस हजार वर्षं जुनी. तिचा फोटो फेसबुकने नग्नता म्हणून काढला होता, २०१८ मध्ये चूक कबूल केली. तिथल्या इतर म्युझियमांचंही असंच होत राहिलं. शेवटी २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने वैतागून ओन्लीफॅन्सवर (प्रौढांच्या मजकुरासाठी ओळखली जाणारी साइट) खातं काढलं आणि चित्रं तिथे लावली! टोमणा होता, पण जगभर बातमी झाली.

यातून दौलताबादींच्या बाजूचा एक मुद्दा निघतो. आपला संग्रह दुसऱ्याच्या दुकानात मांडला की नियम दुकानदाराचे. स्वतःचं संकेतस्थळ हवंच, मग ते कितीही साधं का असेना.

वकीलसाहेब

कायद्याचं थोडं. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. दिवे, तलवारी, मूर्ती यांचा तर प्रश्नच नाही. तरी संग्रहालयं फोटोवर आडवा-उभा वॉटरमार्क मारतात, असा की देवीचा चेहराच झाकावा. कशासाठी? 'कुणी वापरेल' म्हणून. अहो, वापरावा म्हणूनच तर टाकताय ना! न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुठल्याही अटीविना खुल्या केल्या, स्मिथसोनियनने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. कुणाचं दिवाळं निघालं नाही.

फोटोबंदीचंही तेच. पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये आपल्या बहुतेक स्मारकांतली फोटोबंदी उठवली, अजिंठ्याची चित्रं, ताजमहालातली कबर, लेहचा राजवाडा असे मोजके अपवाद ठेवून. अजिंठ्याला फ्लॅश नको हे समजण्यासारखं आहे. पण दगडी वीरगळासमोर 'फोटो काढू नये' ही पाटी कशासाठी, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही.

चिक्कीवाला

पाटीचाच फोटो काढावा.

हिशेबनीस

ब्रिटिश म्युझियमचं वाचलं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मापं आणि फोटो जाहीर असू देत, पण वस्तू नेमकी कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात हे नको. सोन्याचांदीच्या वस्तूंचं वजनही नको. एवढं पाळणार असाल तर मी आमच्या विश्वस्तांशी बोलून बघतो. दागिन्यांचं नाही सांगत, उत्सवाच्या भांड्यांपासून सुरुवात करू.

नोंदवही

हिशेबनीसकाका, तसंच करतात. जागेचा रकाना आतल्या प्रतीत ठेवायचा, बाहेरच्या प्रतीत नाही. भांड्यांपासून सुरुवात चांगली, फक्त एक करा : घासून लख्ख करून मग फोटो काढू नका. आधी आहे तसा काढा, भांड्यावर कुणाचं नाव किंवा साल टाचलेलं असेल तर तिरका उजेड टाकून त्याचा वेगळा काढा. चिंचेने घासलं की ती बारीक अक्षरं आणखी झिजतात.

रानजाई, तुमचंही एक ऐकलं. आमच्याकडच्या एका दिव्याला माकडाच्या आकाराची कडी आहे, तोंड अगदी वैतागलेलं. उद्या त्याचा फोटो टाकते, खाली नंबर, उंची आणि 'देणगीदारांच्या सांगण्यानुसार'सकट. ढोल-ताशा नाही. ओळ तुम्ही सुचवा.

रानजाई

'सोमवारी चालू असतं का, असं परत विचाराल तर बघा.'

पुरणपोळीप्रेमी

=)) =)) ताई, हीच टाका. आणि खाली वेळा पण द्या.

तेरणाकाठ

माझ्या वेणीच्या फोटोचं कुणी बघतंय का?

मैलापूरची_मावशी

भाऊ, माझा भाचा पुढच्या आठवड्यात तेरला जातोय, कॅमेरा बरा आहे त्याचा. फोटो काढू देतात का ते आधी फोन करून विचारते, परवानगीचा अर्ज लागत असेल तर नमुना इथे टाकते. बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.